बाहेरच्या दाराला कडी नसते

ऑक्टोबर संपत आला तरी समुद्र गोठायचं नाव घेत नव्हता, आणि तो गोठेपर्यंत गावातून अस्वलं हाकलणं ही डेल्बर्टची नोकरी होती. पांढरी अस्वलं सील पकडतात ती गोठलेल्या समुद्रावर उभी राहून. बर्फच नाही म्हटल्यावर ती किनाऱ्यावर, म्हणजे गावातच, ताटकळत होती. आज त्याने आठ हाकलली. त्यातली पाच कालचीच. एक तर हाकलायचा फटाका वाजायच्या आधीच कंटाळून उठायचं.

डेल्बर्टही कंटाळला होता. म्हणून फ्लोरा आत्याच्या स्वयंपाकघरात बसून तो तेल कंपनीच्या कागदावर सही करणार होता. नदीकाठी अस्वलाची गुहा नाही, एवढंच त्यात गावच्या अस्वल-गस्तवाल्याच्या नावाने लिहिलं होतं. सही झाली की कंपनीच्या यंत्रांना रस्ता मोकळा, आणि डेल्बर्टला उबदार ऑफिसात नोकरी, फिरत्या खुर्चीसकट. खुर्चीचा फोटो त्याने आत्याला दोनदा दाखवला.

गुहा होती. गेल्याच आठवड्यात एक गाभण मादी तिथे काठाला साचलेला बर्फ उकरून गुहा करताना त्याने पाहिली होती, आणि घरी येऊन आत्याला सांगितलंही होतं.

इतक्यात पडवीत काहीतरी धाडकन पडलं. आत्याने आतल्या दाराच्या काचेतून डोकावलं आणि शांतपणे अस्वल-गस्तीला फोन लावला. डेल्बर्टच्या खिशात फोन वाजला. त्याने सवयीने उचलला.

"अस्वल-गस्त. कुठे आहे?"

"तुझ्या पाठीमागे," आत्या समोरूनच म्हणाली.

जमिनीखालच्या बर्फाच्या तळघरात पाणी भरल्यापासून आत्या देवमाशाचं मांस पडवीत ठेवत असे. अस्वल ते निवांत खात बसलं. फटाक्यांची बंदूक बाहेर गाडीत होती, त्यामुळे गस्त चहा पीत बसली.

"निदान बाहेरच्या दाराला कडी तरी लाव गं," डेल्बर्ट वैतागला.

गावात बाहेरच्या दाराला कुणीच कडी लावत नाही. अस्वल मागे लागलं तर कुणालाही कुणाच्याही पडवीत शिरता यावं म्हणून.

"जीव घेऊन पळतो त्याच्यासाठी दार उघडं असतं," आत्या म्हणाली. "हे तरी वेगळं कशासाठी आलंय? त्याचं घर वितळलं. माझी शेगडीही तेलावरच जळते, मी काही सोवळी नाही. तू दमलास, तेही मान्य. खुर्ची घे बाबा. पण नदीकाठची ती बाई आत बाळंतीण होणार, आणि घरात कोणी नाही असं तू लिहून देणार?"

अस्वलाने खाणं संपवलं, काचेला नाक लावून आत पाहिलं आणि आत्याचा एक बूट घेऊन निघून गेलं.

मग डेल्बर्टने छापलेली ओळ खोडली आणि लिहिलं: 'गुहा आहे. नदीच्या दुसऱ्या वळणावर. मी पाहिली आहे.' खाली सही केली. खुर्ची गेली. फोटो मात्र त्याने पुसला नाही.

फोन वाजला. शाळेजवळ अस्वल होतं, तोंडात बूट.

"येतो," म्हणत तो उठला आणि जाताना दार नुसतं लोटून घेतलं.

वाचकहो, दमलेल्या माणसाची सही सगळ्यात स्वस्तात मिळते. आपणही दमलेलेच आहोत. म्हणून कुणाच्या घरावरून रस्ता काढणाऱ्या कागदावर सही करण्याआधी, आत कोण आहे ते एकदा पाहून या.