राक्षसाशी बोलायचं

अमेरिकेहून मामाने पाठवलेला तो गोष्टीचा खेळ पार्ल्यात आमच्या गच्चीवर चालायचा. गोष्ट मी सांगायचो, बाकीचे वीर होऊन फासे टाकायचे. विक्रोळीचा लवू दिसेल त्याचं मुंडकं उडवायचा, आतडी बाहेर काढायचा. शेवटी मी भडकलो. "बस झाली कापाकापी! तलवार ठेव खाली. दारातल्या राक्षसाला नुसतं बोलून शांत कर. बोल, काय म्हणशील?"

लवू हळूच म्हणाला, "आधी जेवून घ्या ना. मग मारा."

सगळे हसले.

"टाक फासा. चारच्या वर पडलं तर ऐकेल, नाहीतर फाडेल तुला."

एक पडला.

"वाट लागली!" मी ओरडलो. "आता राक्षस…"

"मी सांगतो," लवू म्हणाला. "तो आधी दाराला आतून कडी लावतो. मग कमरेचा पट्टा काढतो."