मामांचं पथ्य

सांगलीच्या विश्रामबागेत कृष्णात मामांना "कसं काय?" विचारायची सोय राहिली नव्हती. विचारलं की मामा आधी कमरेचा पट्टा दाखवायचे, त्याला घरी खिळा ठोकून पाडलेली नवी भोकं दाखवायचे, आणि मग किटो म्हणजे काय ते सांगायला उभे राहायचे. भात नाही, भाकरी नाही, साखर तर नावालाही नाही. अंडी, पनीर, मटण आणि तूप मात्र पोटभर. "तूप खाऊन माणूस वाळतो, हे आमच्या आईला पटलं नसतं," असं म्हणून ते हसायचे. ऐकणाऱ्याच्या हातात तेव्हा बहुधा वडापाव असायचा, आणि बोलताना मामांची नजर त्या वडापाववर.

घरी पथ्य निभत होतं, कारण घरी संयोगितामामी होत्या. कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याकडे. खरी कसोटी गावाला जाताना. आणि या वेळी जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं. मामांची बहीण शालूताई, तिचा नवरा गेलेला. तिचा मुलगा विश्वजीत साताऱ्याला कंपनीत. त्याच्यासाठी म्हसवडची शिवांजली बघितली होती. पोरापोरीनं एकमेकांना पसंत केलं होतं, फोनवर बोलणंही चालू होतं. राहिला होता तो वडीलधाऱ्याचा शब्द, आणि वडीलधारे म्हणून घरात मामाच.

आपल्याकडं स्थळाला तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. "जरा घाई आहे, चहा घेऊन निघतो," एवढं म्हणायचं आणि पानावर बसायचं टाळायचं. मुलीकडचे काय ते समजतात. मामांनी स्वतः अशी स्थळं मोडलेली होती, आणि किती सभ्यपणे मोडली हेही चारचौघांत सांगितलेलं होतं.

सांगलीहून गाडी निघाली तेव्हा मामींचा डबा मागच्या सीटवर होता. उकडलेली अंडी आणि पनीर. साताऱ्यात शालूताई लेकाच्या खोलीवर गेल्या, त्याचा सदरा इस्त्रीचा आहे का बघायला. मामा पाहुण्यांसाठी कंदी पेढे घ्यायला गेले. दुकानदारानं रीतीप्रमाणं एक पेढा हातावर ठेवला. आता हातावर ठेवलेला टाकायचा कसा? मामांनी तो खाल्ला. मग पाहुण्यांचा पुडा बांधून झाल्यावर, "एक छोटा वेगळा द्या," असं त्यांचं तोंड आपोआप म्हणालं. मायलेकरं खाली आली तोवर छोट्या पुड्याचा नुसता कागद सीटखाली होता आणि मामा बडीशेप चावत होते.

कोरेगाव गेलं, पुसेगाव गेलं, मामा गप्पच. शालूताईंना वाटलं, भाऊ भाच्याच्या संसाराचा विचार करतोय. भाऊ मामींचा विचार करत होता. दहिवडीच्या अलीकडं त्यांनी मनाशी पक्कं केलं: झालं ते झालं, आता दिवसभर धान्याचा कण नाही आणि गोडाचं बोट नाही. प्रायश्चित्त दुसऱ्याच्या घरी करायचं ठरवलं की किती स्वस्त वाटतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

शिवांजलीचे वडील धुळा बरीच वर्षं मुंबईत राबून परतलेले. आता मेंढरं आणि पावसाच्या भरवशावरची जमीन. त्यांची आई मनुबाई पहाटेपासून चुलीपुढं होती. शालूताईंना बायकांनी आत नेलं, पुरुषांची पानं बाहेर सोप्यात मांडली. पुरणाची पोळी, कटाची आमटी, भात, कुरडया, भजी, आणि पोळीवर घ्यायला तूप. मामांनी ताटाकडं पाहिलं. पथ्याला चालेल असं त्यात एकच होतं.

"मामा, पोळी वाढू?" धुळांनी विचारलं.

"नको. मला तूप तेवढं द्या."

"पोळीवर?"

"वाटीत."

वाढणारा हात थांबला. मामांनी वाटीभर तूप पिऊन मिशा पुसल्या. धुळांनी विश्वजीतकडं पाहिलं. विश्वजीतनं आपल्या पोळीकडं पाहिलं.

"तब्येत बरी न्हाई का?"

"छे, ठणठणीत आहे." आजारी आहे म्हणाले असते तरी भागलं असतं.

दारात उभ्या मनुबाई म्हणाल्या, "पावनं, आमच्या पुरणात खडा निगाला का वं?"

"तसं नाही आजी. मी गोड खात नाही."

इथं किटो हा शब्द यायला हवा होता. रिक्षावाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत ज्यानं विचारलं नाही त्यालाही मामांनी तो सांगितला होता. पण पोटात पेढे असताना तो शब्द ओठांवर येईना. वर धुळांनी मामांनीच आणलेला पुडा सोडला आणि एक पेढा पुढं केला. "तुमचंच हाय. निदान तोंड गोड करा, म्हंजे बोलाय बरं."

"नाही, मी तोंडाला लावत नाही," मामा म्हणाले, आणि बोलताना आपल्या तोंडाला खव्याचा वास येतोय असं वाटून त्यांनी तोंडापुढं रुमाल धरला. तो रुमालही धुळांनी बघितला.

थोड्या वेळानं फोनचं निमित्त करून मामा गाडीत जाऊन बसले आणि डबा उघडला. एक अंडं पुरतं तोंडात असताना काचेबाहेर शिवांजली दिसली. परतीच्या वाटेसाठी पाण्याची बाटली भरून आणली होती पोरीनं. मामांना बोलता येईना. तिनं बाटली बॉनेटवर ठेवली आणि ती मागं फिरली.

दुसऱ्या दिवशी विश्वजीत आईबरोबर सांगलीतच असताना त्याला शिवांजलीचा एकच मेसेज आला: "तुमच्या मामांना आमचं अन्न चालत नाही, मग मी कशी चालेन?" त्यानंतर नंबर ब्लॉक. शालूताईंनी धुळांना फोन लावला, भावाच्या पथ्याचं समजावून सांगितलं. धुळा शांतपणे म्हणाले, "ताई, पथ्य असतं तर मानसानं सांगितलं असतं. आमच्या दारात बसून सोबतचं खाल्लं, आमाला काय ते कळलं. आमची तक्रार न्हाई. रविवारी मुंबईचं पावनं तिला बघाय येत्यात."

शालूताईंनी भावाला एवढंच विचारलं, "कृष्णात, जगाला सांगत फिरतोस, तितंच कसं रं न्हाई सांगितलंस?"

मामांकडं उत्तर होतं, पण ते बहिणीला द्यायचं नव्हतं. आणि विश्वजीत, नेहमी मामांच्या पट्ट्याचं कौतुक करणारं पोर, ते खाली मान घालून साताऱ्याच्या गाडीत बसलं. त्याची ती मान मामांना रात्रंदिवस दिसू लागली. वजन मात्र त्या आठवड्यात झकास उतरलं. मामींनी शाबासकी दिली, ती त्यांना थोबाडीत बसल्यासारखी लागली.

शनिवारी ते एसटीनं एकटेच म्हसवडला गेले. धुळा मेंढरांमागं गेले होते. मनुबाई दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "पानी चालंल का, का तेबी संगं आणलंय?"

मामा पायरीवर बसले. "आजी, मी त्या दिवशी खोटं बोललो. मी गोड खातो."

"मग?"

"साताऱ्यात पेढे खाल्ले. गाडीत बसून. चोरून."

"चोरून म्हंजे, इकत न्हवतं घेतलं?"

"विकत घेतले, पण चोरून खाल्ले. मला पथ्य आहे ना. मग वाटलं, आता तरी पाळावं. म्हणून तुमच्याकडं जेवलो नाही. आणि सांगायची लाज वाटली."

मनुबाईंचा हात सुपात थांबला. "म्हंजे पेढं खाल्लं तुमी, आन उपाशी ठिवली आमची पोळी."

"होय."

"एवढ्या थोराड बापय मानसाला पेढं खायाची चोरी." त्यांना हसू येत नव्हतं, त्या खरोखरच समजून घ्यायला बघत होत्या. "आन माजी नात आठ दिवस जेवली न्हाई धड. तिला वाटलं, आपल्यातच काय खोट हाय."

मामांना वाटलं होतं, सांगितल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. शिवांजली आतून सगळं ऐकत होती. ती ताट घेऊन आली: भाकरी, मटकीची उसळ, ठेचा, कांदा. ताट तिनं मामांपुढं ठेवलं आणि समोर उभी राहिली. मामा जेवू लागले.

"मामा, तुमी जेवला म्हणून माझा होकार झाला, असं धरू नका," ती म्हणाली. "तुमच्या पथ्याचं त्यांना ठाऊक होतं. ते का गप बसले?"

"माझ्यापुढं बोलत नाही तो. लहानपणापासून."

"मग उद्या माझ्यासाठी कुणापुढं बोलतील?"

मामांनी भाकरीचा पुढचा घास घेतला. शिवांजलीनं फोन काढला, ब्लॉक उठवला आणि तिथंच उभ्या उभ्या नंबर लावला. "मामा आलेत... व्हय, एकटेच. जेवतायत. सगळं सांगितलं त्यांनी. तुमी का न्हाई सांगितलं, ते सांगा आता." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. ऐकता ऐकता भिंतीकडं वळली. "हे मला नगा सांगू. उद्या सकाळी इथं या आन आमच्या वडलांना सांगा. मुंबईचं यायच्या आदी. मामांना आणायचं न्हाई."

फोन ठेवून ती आत गेली. मनुबाई सूप बाजूला सारून उठल्या. "येतोय म्हणायचा. धुळाला सांगाय पायजे मंग." त्यांनी मामांचं ताट बघितलं. "आणिक वाढू का भाकरी?"

भाच्याचं अजून ठरलेलं नव्हतं, तोवर या घरात नको म्हणायची मामांची छाती नव्हती. भाच्यासाठीच जेवतोय, असं ते मघापासून मनाला बजावत होते. पण भाकरी चुलीवरची होती, मटकीला घाटी मसाल्याचा झणका होता, आणि किती महिन्यांत असं जेवण पोटात गेलं नव्हतं. मनुबाईंच्या नजरेला नजर न देता त्यांनी वाढून घ्यायला ताट थोडं पुढं सरकवलं.