पहिल्या पानावरचा खुनी

मुलुंडच्या वाचनालयात देवदत्तांच्या रहस्यकथांसाठी एके काळी नंबर लावावा लागे. आजवर कागदावर किती मुडदे पाडले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांचा वैरी मात्र एकच: पुस्तक परत करताना पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवणारा कुणी उपटसुंभ वाचक. त्याच्या नावाने त्यांनी आयुष्यभर बोटं मोडली.

आता बऱ्याच खंडानंतर त्यांची नवी कादंबरी आली होती. प्रकाशकाने आढेवेढे घेतच काढलेली. महिने उलटले तरी बरं-वाईट कुणी काही बोलेना. शेवटी न राहवून देवदत्त वाचनालयात गेले. आपल्याला अजून कुणी शेवटपर्यंत वाचतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘खुनी डॉक्टर’. देवदत्तांना आनंद झाला, अगदी चक्क आनंद. पण तो टिकला नाही. खुनी डॉक्टर नव्हताच. खून वहिनीने केला होता आणि डॉक्टर शेवटच्या प्रकरणात निर्दोष सुटत होता. म्हणजे लिहिणाऱ्याने पुस्तक अर्ध्यातच मिटलं होतं.

“सॉरी हां, ते मीच लिहिलंय,” शेजारी मासिक चाळत बसलेल्या शकुताई म्हणाल्या. निवृत्त शिक्षिका, वाचनालयाच्या जुन्या सभासद; देवदत्तांना चेहऱ्याने ओळखत होत्या.

“शेवटपर्यंत वाचलंत?”

“नाही हो. डॉक्टर आला तेव्हाच कळलं ना! मग उगाच डोळे कशाला फोडून घ्यायचे?”

पुस्तकाचा शेवट देवदत्तांनी कधी घरातही फोडला नव्हता. पण हे त्यांना सहन होईना. खुर्ची ओढून ते बसले आणि औषधाची बाटली कुणी बदलली इथपासून सगळं सांगत सुटले. शकुताईंनी मासिक बाजूला ठेवलं.

“अगंबाई! वहिनी? मग नोकराला कसं दिसलं नाही?”

देवदत्त हातवारे करून सांगू लागले. असं ऐकणारं माणूस त्यांना कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला, चेहरा खुलला.

“झकास!” शकुताई म्हणाल्या. “असं का नाही लिहिलंत?”

“असंच लिहिलंय.”

“हो? बरं झालं सांगितलंत. आता वाचायला नको.”

त्यांनी देवदत्तांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि पुन्हा कपाटात ठेवून दिलं.