लाइन भरली होती

पावलोस मुतलाळींनी वेलायुधनचेट्टनना नोकरीवरून काढायचं ठरवलं ते एका आलेखाच्या भरवशावर. केरळातल्या इरिंजालकुड्यात मुतलाळींची, म्हणजे मालकांची, इंटरनेटची कंपनी. रविवारी दुपारी माणसं चर्चमधून येऊन जेवली, की इंटरनेट रांगायला लागे आणि ऑफिसातले फोन खणखणायला. कोचीहून येणाऱ्या मुख्य लाइनीचा आलेख मात्र सांगे की लाइन जवळजवळ रिकामी आहे. म्हणजे दोष आपल्याच तारांत, आणि तारांचे सगळे जोड चेट्टनच्या, म्हणजे वेलायुधनदादांच्या, हातचे.

"चेट्टनना काढलं तर युनियन सोडेल का?" रजिता म्हणाली.

"युनियनवाल्यांच्या घरीही नेट चालत नाहीये, मोळे, पोरी. तेही मलाच शिव्या घालतात."

रजिता मशिनखोली सांभाळे. आलेख काढणारा प्रोग्राम तिनंच बसवलेला. मुतलाळी चारचौघांत त्याचं कौतुक करत आणि ती ते चवीनं ऐके. पण चेट्टनचे जोड तिनं पाहिले होते. त्या हाताला नावं ठेवणं तिच्या जिवावर आलं.

शिवाय एक गोष्ट खटकत होती. वर्षभरात आलेख एकशे चौदा मेगाबिटच्या वर एकदाही गेला नव्हता. ओणम असो, परीक्षांचे निकाल असोत, गाव इतकं शिस्तीत कधी वागलंय?

त्या रविवारी तिनं प्रोग्राम बाजूला ठेवला आणि थेट राउटरलाच विचारलं. कोचीच्या लाइनीच्या पोर्टवरून आजवर किती बाइट माल आत आला, हा आकडा ती दर दहा सेकंदांनी कागदावर उतरवू लागली. दोनशे कोटी. तीनशे पंचवीस कोटी. पुढचा साडेचारशेच्या घरात हवा होता. आला एकवीस कोटी.

मोजणारा आकडा चढतो, उतरत नाही. तिनं पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मग लख्ख प्रकाश पडला. जुन्या स्कूटरचा मीटर नाही का, सगळे नऊ झाले की शून्यापासून सुरू होतो? या पोर्टला मोजण्या दोन होत्या. मोठी जन्मात न भरणारी, आणि छोटी चारशे एकोणतीस कोटींना भरून पुन्हा शून्यावर येणारी. प्रोग्राम छोटीला बांधलेला. लाइन बारीक होती तोवर ते चाललं. गेल्या वर्षी लाइन दहापट झाली, आणि रजिता मोजणी बदलायला विसरली. प्रोग्राम पाच मिनिटांनी यायचा, तेवढ्यात आकडा आठ-नऊ फेऱ्या मारून मोकळा, आणि हा बापडा उरलंसुरलं मोजून परत जायचा; ते एकशे चौदाच्या वर जाणार कसं?

चूक तिची होती आणि नोकरी चेट्टनची जाणार होती. तिनं एक ओळ बदलून प्रोग्राम मोठ्या मोजणीला बांधला. दहा मिनिटांत आलेख छताला जाऊन टेकला.

लॅपटॉप घेऊन ती केबिनमध्ये शिरली. चेट्टन मालकासमोरच्या अदबीनं मुंडू, म्हणजे लुंगी, घोट्यापर्यंत सोडून, खाली मान घालून उभे होते.

"सर, लाइन ठासून भरलीय. यांचे जोड शाबूत आहेत. चूक माझ्या मोजणीची."

"मग वर्षभर मी लोकांना काय सांगत होतो?"

"खोटं, सर."

मुतलाळींनी आलेख डोळे बारीक करून पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि कोचीला फोन लावून दुसरी लाइन मागितली. "मंगळवारी येतेय," ते छताकडे बघत म्हणाले. "वेलायुधन, जोड तुम्हीच मारा."

चेट्टननी सावकाश मुंडू उचलला आणि मालकासमोरच गुडघ्यांवर दुमडून बांधला. वीस वर्षांत पहिल्यांदा. रजिताला इतका आनंद झाला की स्वतःची चूकही क्षणभर गोड वाटली.

"मारतो," चेट्टन म्हणाले. "पण तो फोन वाजतोय, तो आज तुम्ही उचला."

मुतलाळींनी उचलला. पलीकडून तारांच्या नावानं शिव्या सुरू झाल्या.

"जोडांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही," मुतलाळी म्हणाले. "ते आमच्या वेलायुधनचे आहेत."