पंच्यावरची हळद

मी पंचा बोलतोय, आणि आधीच सांगतो, माझ्यावरचा पिवळा डाग बघून नाक मुरडू नका. हळदीचा आहे तो.

माझा जन्म इंदूरच्या कापड मिलमधला. माझे मालक कृष्णराव तिथं विणकर, त्यांनीच मला मागावर विणलं आणि खांद्यावर टाकून घरी आणलं. हल्ली कृष्णपुऱ्याच्या बाजारात विलायती नावांचे गुबगुबीत टॉवेल आलेत. दिसायला झकास, पाणी टिपायच्या नावानं बोंब. असो.

मिलला टाळं लागलं तरी कृष्णराव रोज सकाळी फाटकाशी जाऊन बसायचे. वसुधाताई, त्यांची बायको, म्हणायच्या, "माझा भाऊ दुकानावर बोलावतोय, एकदा जाऊन तर बघा." हे चपला घालून फाटकाकडे. मग त्या मोरीपाशी जाऊन रडायच्या. मी तिथंच वाळत असायचो, म्हणून मला ठाऊक.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संताजी आले. मिलमधले जुने जोडीदार, आता गौतमपुऱ्याकडे शेती करतात. "चलो भिया, आमचे बैल बघायला चल. मिल कहीं भागी नहीं जा रही." वसुधाताईंनी लगेच पिशवीच हातात दिली. मी खांद्यावर होतोच.

गावात संध्याकाळी खांदमळणी होती. जू ओढून घट्टे पडलेले बैलांचे खांदे कोमट पाण्यानं धुतले, मग तूप-हळद चोळली. संताजींची म्हातारी आई लक्ष्मीबाई बैलाशी बोलत होत्या, "लई राबलास रे बाबा. आमचं काही चुकलं असेल तर पोटात घाल. उद्या कामाला जायचं नाही."

कृष्णरावांनी मला तोंडाशी धरलं आणि ढसाढसा रडले. मिलमध्ये त्यांना एवढं कुणीच म्हटलं नव्हतं हो. तेव्हा मला कळलं, फाटकाशी ते रोज हेच ऐकायला बसत होते.

लक्ष्मीबाईंना संताजींनी फाटकाचं सगळं सांगितलं होतं. त्या तसेच तूप-हळदीचे हात कृष्णरावांच्या खांद्यावर ठेवून चोळू लागल्या. मलाही लागली ती हळद. "तूही लई राबलास," त्या म्हणाल्या. "आता फाटकाशी जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी झुली घातलेले बैल वाजतगाजत गावभर फिरले. कृष्णराव मागून चालत होते, कुणी हसलं की हसत होते. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी म्हणाले, "वसुधा, भावाला निरोप दे. सोमवारी दुकानावर येतो."

आता मी पार विरलोय. उद्या फरशी पुसायला घेतलं तरी माझी तक्रार नाही. तुमच्या घरात कुणी जन्मभर राबून गप्प बसलं असेल, तर तेवढं त्याच्या खांद्याला हात लावून म्हणा, लई राबलास. तूप-हळद नसली तरी चालेल.