मुठीतली सळई

सासूबाईंनी खताचा ढीग सुनेच्या हवाली केला तो निव्वळ नाइलाजाने. घोटा मोडून पायाला प्लास्टर चढलं होतं, आणि घरामागचा तो ढीग काही आपला आपण खालीवर होणार नव्हता. छातीइतका उंच, खाटेपेक्षा लांब, तीन बाजूंनी विटांचा आडोसा. गल्लीतल्या लोकांची दिवाणखान्यातली मांडणी एवढी नीट नसेल.

"हा ढीग नीट तयार झाला तर बाग तुझी," सासूबाई व्हरांड्यातल्या खुर्चीतून म्हणाल्या. "बिघडला तर मी माळी ठेवीन."

सून शाळेत गणित शिकवायची. लहानपण चौथ्या मजल्यावर गेलेलं, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं एक कपाट काय ते होतं. तिला ती बाग हवी होती. उगाच कशाला लपवा, फार हवी होती.

ढिगाची परीक्षा सळईने व्हायची. लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसायची, चहा होईपर्यंत तशीच ठेवायची, मग उपसून आतलं टोक मुठीत धरायचं. सासूबाईंचा नियम साधा होता. हात ओढावासा वाटला पाहिजे, पण ओढावा लागता कामा नये. ऊब कमी असली तर ओलं हिरवं गवत घालायचं, जास्त झाली तर ढीग उलथून वाळकी पानं मिसळायची.

पहिल्याच सकाळी सुनेने सळई धरली आणि लगेच सोडली. ती फडक्यात धरून तिने व्हरांड्यात नेली. सासूबाईंनी निवांतपणे मूठ आवळली.

"थंड आहे गं. गवत घाल."

सून बुचकळ्यात पडली. मग तिने शिक्षिकेच्या शिस्तीने विचार केला. ढिगापासून व्हरांड्यापर्यंत येईतो सळई निवत असणार. दुसऱ्या दिवशी ती सळई घेऊन पळाली. प्लास्टरवाल्या बाईकडे सळई रोखून धावणारी सून पाहून शेजारची बाई कुंपणाशी थबकली, आणि दिवसभर तिची नजर या घरावरून हटली नाही. सासूबाईंचा निकाल मात्र तोच. "कोमट. अजून गवत."

गवत घातलं की ढीग आणखी तापायचा. सकाळी वरून वाफ निघायची. तिने आतून मूठभर खत काढलं तर ते राखेसारखं पांढुरकं आणि कोरडं. गांडुळं विटांच्या कडेला येऊन बसली होती, भाडेकरू घर सोडून निघाल्यासारखी. तिने घरातला तापमापक खुपसायचं ठरवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ढिगाला ताप आलाय का? क्रोसिन देणार आहेस त्याला?"

तिने नवऱ्याला मध्ये घेतलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला दोन्ही काचा बऱ्या आहेत म्हणायची त्याला सवय. त्याने सळई धरली, हात झटकला, आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"गरम आहे," तो म्हणाला. "म्हणजे, आईच्या मानाने कोमट असेल."

"मग कुणाचं खरं?"

"दोघींचंही असू शकतं ना."

तिचं डोकं फिरायची वेळ आली. आपलेच हात नाजूक असतील का? खडू धरणारे हात, त्यांना काय कळणार? की सासूबाईंना ढीग बिघडायलाच हवा आहे, म्हणजे बाग द्यायला नको? हा विचार आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली, पण तो गेला नाही. भाजी वाढताना, वह्या तपासताना डोक्यात तेच. इकडे व्हरांड्यातल्या ट्रेमधली रोपं जमिनीत जायची वाट बघत पिवळी पडत होती, आणि सून सांगितलं तसं गवत घालत होती.

शेवटी रविवारी तिने ठरवलं, काय तो सोक्षमोक्ष लावून टाकायचा. नवऱ्याच्या मदतीने खुर्ची सासूबाईंसकट उचलून थेट ढिगाजवळ आणली.

"आता वाटेत निवायला नको," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच होता.

तिने सळई उपसली. टोकाला वाफ होती. सासूबाईंनी ते टोक मुठीत घट्ट धरलं आणि डोळे मिटले, जाणकार माणूस मिटतो तसे.

"कोमट," त्या म्हणाल्या.

सुनेने त्यांच्या मुठीलगत सळईला बोट लावलं. चटका बसला. तिने बोट तोंडात घातलं आणि सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या अजून धरूनच होत्या.

"आई, सोडा."

"का?"

तिने त्यांची बोटं एकेक करून उघडली. तळव्यावर लालभडक पट्टा उठला होता. सासूबाई त्या हाताकडे बघत राहिल्या, कुणीतरी आपल्या मांडीवर ठेवून गेल्यासारखा.

"दुखत नाही?" सुनेने विचारलं.

"दुखायला काय झालंय?" त्या सवयीने म्हणाल्या. मग पुन्हा हाताकडे पाहिलं. "भाजलंय का गं?"

"भाजलंय."

नवरा आईच्या खुर्चीची पाठ धरून उभा होता. सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "बोटं झोपल्यासारखी वाटतात, बरेच दिवस झाले. म्हटलं, वय आहे. ढीगच या वर्षी थंड पडलाय असं वाटलं मला."

इतके दिवस सुनेला आपलं खरं ठरायला हवं होतं. आता ते ठरलं, आणि आपण चुकलो असतो तर किती बरं झालं असतं असं तिला वाटलं. सासूबाईंबद्दल मनात आणलेल्या त्या संशयाने तिचे डोळे भरून आले. तिने खुर्ची तशीच ओढत बागेतल्या नळाशी नेली आणि सासूबाईंचा हात धारेखाली धरला.

"बाग तू घे आता," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हाताचं काही खरं नाही."

"ते नंतर बघू. आधी डॉक्टरकडे जाऊ."

"ढीग उलथ. वाळकी पानं घाल. जळून जाईल नाहीतर."

"घालते, आई."

पाणी तळव्यावरून वाहत होतं. सासूबाई त्याकडे लक्ष देऊन बघत होत्या, वाचता येत नसलेल्या पाटीकडे बघावं तशा. थोड्या वेळाने त्यांनी मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं,

"पाणी गार आहे का गं?"