खुर्चीतून उठलेला दादा

मित्रांनो, खिडकीपाशी ठेवलेली ही जुनी वेताची खुर्ची म्हणजे मीच. वेत भिजवून, वाकवून, घट्ट विणून मला घडवले. या घरात आले तेव्हा माझ्यावर बसण्यावरून दादा आणि त्याच्या बहिणीत रोज भांडणे होत. मी तेव्हा मोठ्या ऐटीत असे.

पुढे दादा छापखान्यात कामाला लागला आणि काही वर्षांनी आजारी पडला. स्किझोफ्रेनिया. जवळ कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येत, आणि ते त्याला घालूनपाडून बोलत. गोळ्या सुरू झाल्या, आवाज थांबले, घराचा जीव भांड्यात पडला. दादा मात्र माझ्यात बसला तो बसलाच. त्याचे वजन वाढले, माझी वीण खाली आली. आई येईल त्याला सांगे, "आता कसा शांत असतो! खुर्ची सोडत नाही." मला वाटे, हे माझेच कौतुक. खुर्चीची अक्कल ती केवढी!

एकदा दवाखान्यातल्या नर्सबाई घरी आल्या. "कसं वाटतं?" या प्रश्नाला आईनेच उत्तर दिले. बाई म्हणाल्या, "थांबा मावशी, त्यांना बोलू द्या."

दादा बराच वेळ माझ्या हातावरचा सुटलेला वेत उलगडत राहिला. मग म्हणाला, "उठावंसंच वाटत नाही. आणि त्याचं वाईटही वाटत नाही."

हा गोळीचाही परिणाम असेल, म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलायचे ठरवले. जुनी हळूहळू कमी, नवी हळूहळू जास्त. आईला एकच धास्ती. आवाज परत आले तर? ती डोळ्यांत तेल घालून दादावर लक्ष ठेवू लागली.

एका सकाळी दादा उठला आणि घरभर फिरत कपाटे उघडू लागला. "बस रे बाबा खुर्चीत!" म्हणत आईने नर्सबाईंना फोन लावायला घेतला.

"आई, आवाज नाहीत गं. आले तर आधी तुलाच सांगेन. माझी चप्पल कुठे आहे?"

चप्पल माळ्यावर होती. इतके दिवस ती कोणाला लागलीच नव्हती.

तो एकटाच कोपऱ्यापर्यंत गेला. आई माझ्यात बसून खिडकीतून बघत राहिली. तो घामाघूम होऊन परतला, तशी ती उठू लागली.

"राहू दे, बस तू," दादा म्हणाला.

नव्या गोळीने त्याच्या तोंडाला कोरड पडते, तो कुरकुरतो. पण फिरायला जातो. मी बहुतेक रिकामी असते, अंगावर धूळ बसते. थोडे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, माझी धूळ नंतर पुसा. घरात कोणी गप्प बसले असेल, तर ते बरे आहे असे परस्पर ठरवू नका. त्यालाच विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.